रिकाम्या घराचा प्रसंग

"टाय सैल करा, बाबा. गळफास लावल्यासारखा दिसतोय."

लेकीने स्वतःच हात पुढे करून गाठ ओढली. कानसेनने हनुवटी वर केली. आई गेल्यापासून लेक त्याच्याशी धड बोललीसुद्धा नव्हती, आणि आज टायची गाठ सोडवत होती.

कानसेन हे अर्थातच त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. सिनेमाच्या धंद्यात सगळे त्याला तसंच हाक मारत. आवाजाच्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, हे त्याचे वैरीही कबूल करत.

वर्षभरातल्या सिनेमांच्या तांत्रिक कामाचा आज गौरव होता. कॅमेरा, संकलन, वेशभूषा, रंगभूषा, आवाज. नटनट्यांचा सोहळा वेगळा असतो, तिथे मुंगीला शिरायला जागा नसते. इथे मागच्या रांगा मोकळ्याच होत्या.

"आलीस, बरं वाटलं," तो म्हणाला.

"आईसाठी आले."

"ठाऊक आहे मला."

त्याची बायको आवाज करायची. हसू नका, तोच तिचा पेशा होता. पडद्यावर माणूस चालायचा आणि त्याची पावलं ती स्टुडिओत वाजवायची, हातात चपला घालून. कप ठेवणं, कपाट उघडणं, उशी झटकणं, सगळं तिचं. नवरा ते आवाज टिपायचा आणि जिथल्या तिथे बसवायचा. दोघांचा संसार असा कानांवर चालला होता.

मग तिला छातीचं दुखणं जडलं. डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून बजावलं होतं. नेमका तेव्हाच हा सिनेमा आला. त्यात एक म्हातारा बायको गेल्यावर रिकाम्या घरात बसून आहे, आणि बायको आतल्या खोलीत वावरतेय असा त्याला भास होतो. बाई पडद्यावर दिसतच नाही. नुसती ऐकू येते.

"हे दुसरं कोणी करायचं नाही," बायको म्हणाली होती. हट्ट तिचा होता हे खरं. पण गाडी काढून तिला स्टुडिओत नेणारा हाच होता.

खुर्चीत बसून तिने ते काम केलं. पावलं, भांडी, कपड्यांची घडी, आणि शेवटी हलक्या आवाजात गुणगुणणं. मधे एकदा तिला ढास लागली. तीसुद्धा त्याने काढली नाही. बाई पडद्यावर नाही, तर तिचा आवाज पडद्याकडून का यावा, म्हणून ते सगळे आवाज त्याने फक्त मागच्या स्पीकरवर ठेवले. बघणाऱ्याला वाटावं, आपल्या पाठीमागे कोणीतरी घर आवरतंय. ही युक्ती त्याची एकट्याची, आणि तिच्यावर तो भलताच खूश होता.

सिनेमा लागायच्या आधीच ती गेली.

"विश्रांतीच्या दिवसांत तुम्ही तिला राबवलंत," लेक तेव्हा म्हणाली होती. "आणि कशासाठी? कोण ऐकणार आहे ते?"

ते खरंच ठरलं. सिनेमा आला तसा गेला. रिकाम्या खुर्च्यांपुढे जेमतेम काही खेळ झाले, तेही आडबाजूच्या थिएटरात. लेकीने तर तो पाहिलाच नाही. तो प्रश्न कानसेनला आतून कुरतडत राहिला होता. आपण तिचे शेवटचे दिवस वाया घालवले का?

आणि मग, ध्यानीमनी नसताना, हा पुरस्कार. वर्षातलं सर्वोत्तम ध्वनिकाम.

हॉलच्या दाराशी परीक्षक समितीचे अध्यक्ष भेटले. जुने दिग्दर्शक, सहजासहजी कोणाचं कौतुक न करणारे. त्यांनी कानसेनचा हात दोन्ही हातांत धरला.

"रिकाम्या घराचा प्रसंग," ते म्हणाले. "त्या एका प्रसंगासाठी मी सगळ्यांशी भांडलो. समितीच्या कचेरीतल्या साध्या टीव्हीवर बघत होतो, तरी आमच्यातल्या दोघांना रडू आवरेना."

"माझ्या बायकोचं..." कानसेन पुटपुटला.

"कळलं मला, त्या गेल्याचं. म्हणूनच ते तुम्हाला जमलं." अध्यक्षांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ते मंचाकडे गेले.

लेक शेजारीच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

खुर्चीत बसल्यावर तिने कार्यक्रमपत्रिका उघडली आणि पुन्हा मिटली. मग म्हणाली, "रडले म्हणे."

"हो."

"आईचं ऐकून."

"हो गं बाई."

"मी तुम्हाला नाही नाही ते बोलले, बाबा." तिने त्याचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. "उद्या मला तो सिनेमा दाखवा. मला ऐकायचंय तिला."

कानसेनने मान हलवली. त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. बायकोचं शेवटचं काम परक्या माणसांच्या काळजाला भिडलं होतं. आता याउपर त्याला काहीएक नको होतं.

त्याचं नाव पुकारलं गेलं. टाळ्या झाल्या. तो मंचावर गेला, सन्मानचिन्ह हातात आलं, ते अपेक्षेपेक्षा जड निघालं. खाली लेक उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि तिचे डोळे वाहत होते. तिच्याकडे बघून तोही हसला.

अध्यक्षांनी चष्मा लावला आणि मानपत्र वाचायला घेतलं.

"रिकाम्या घराच्या त्या प्रसंगात दुसऱ्या कोणी पावलं घातली असती, भांडी वाजवली असती, एखादं गुणगुणणंही भरलं असतं. या कलावंताने मात्र तिथे अथपासून इतिपर्यंत एकही आवाज ठेवला नाही, आणि त्या शांततेलाच आम्ही हा पुरस्कार देत आहोत."