लूपच्या बाहेरची ओळ

दुसरी पांगा, म्हणजे प्रवासी मोटारहोडी, दुपारी समुद्रात उलटी सापडली. आतला माणूस एकही सापडला नाही. ब्लूफिल्ड्सच्या धक्क्यावर ही बातमी आली तेव्हा एवारिस्तो तिकिटाच्या खिडकीचे गज धरून उभा होता.

सकाळी पर्ल लगूनकडे दोन पांगा लागोपाठ सुटल्या होत्या. त्याची बायको नुबिया खोबऱ्याचे पाव विकायला निघालेली. ती त्यातल्या एकीत बसली होती. कोणत्या, ते तिकीटवाल्याला सांगता येईना. तो मनाग्वाहून नुकताच आलेला, ओळखत कोणालाच नव्हता. पलीकडचे फोन सकाळपासून बंद होते.

प्रवाशांची नावं आता कागदावर लिहीत नसत. एवारिस्तोची मुलगी यादिरा कॉलेजात जावा शिकत होती. तिनेच धक्क्यासाठी छोटासा प्रोग्राम करून दिला होता. माणूस बसला की नाव टाकायचं. जागा भरल्याशिवाय पांगा सुटत नसे, म्हणजे शेवटचं नाव पडलं की यादी पुरी.

तिकीटवाल्याने बुडालेल्या पांगेची यादी उघडली. पहिल्या ओळीत नुबिया. दुसऱ्या ओळीत नुबिया. खालपर्यंत नुबियाच.

एवारिस्तोने गजांना कपाळ टेकवून यादी पुन्हा वाचली.

"काय हो एवारिस्तो, बायकोने अख्खी पांगाच अडवली की काय?" मागून शेजारची पेत्रोना म्हणाली. तिचा मुलगाही सकाळीच निघाला होता. "यंत्र बिघडलंय. सगळं खोटं आहे ते."

एवारिस्तोला ते पटलं. एक बाई सगळ्या जागांवर कशी बसेल? नुबिया पहिल्या पांगेत असणार. आत्ता पलीकडे पावाच्या भावावरून कोणाशी तरी भांडत असणार.

यादिरा धावत आली. तिने प्रोग्राम उघडला आणि पडद्यावर बोट ठेवून ओळी वाचू लागली. एका ओळीवर बोट थांबलं. मग हललंच नाही.

"चुकलंय ना पोरी?"

"चुकलंय."

"म्हणजे खोटंच."

"नाही, बाबा." "प्रत्येक माणसासाठी नवा ऑब्जेक्ट, म्हणजे नावाचा नवा कप्पा करायचा असतो, लूपच्या आत, दर फेरीला. मी एकच केला, लूपच्या बाहेर. ॲरेतल्या, म्हणजे यादीतल्या, सगळ्या जागा त्या एकाकडेच बोट दाखवतात. नवं नाव टाकलं की आधीचं पुसलं जातं."

"मग उरतं कोण?"

"शेवटी बसलेलं माणूस."

एवारिस्तोने पडद्यावरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं: नुबिया.

मागे पेत्रोना कोणाला तरी सांगत होती की तिच्या मुलाचं नाव यादीत नाही, देवाची कृपा. यादीत नसण्याला काहीच अर्थ नव्हता. हे तिला सांगायचं अजून राहिलं होतं.