फिटची गोळी

टक्कन आवाज झाला आणि दुपारच्या सामसूम घरात औषधांची डबी बोलू लागली. "मृण्मयीताई, अभिनंदन! तुम्हाला दिवस गेले आहेत. बाळाच्या सुरक्षेसाठी तुमची फिटची गोळी बंद केली आहे."

काल रात्रीही गोळी पडली नव्हती. डबी बिघडली असेल म्हणून मृण्मयी तशीच झोपली होती. तिने पुन्हा अंगठा टेकवला. त्याच्या घामावरून डबी सगळं ओळखायची. झाकण हललंही नाही.

"अगं बाई!" सासूबाई निवडणं टाकून देवापुढे साखर ठेवायला धावल्या. "तिसरा सरेपर्यंत बोलायचं नसतं, पण या मेलीला कोण सांगणार?"

मृण्मयीने डॉक्टरांना फोन लावला. ते हादरलेच. "फिटची गोळी अशी एकाएकी तोडायची नसते हो! मोठी फिट आली तर तुमच्यासकट बाळही धोक्यात. बाळाला चालेल अशी गोळी मी बेतून दिली असती."

"मग उघडा ना डबी."

"ती आता माझंही ऐकत नाही, आणि तिच्याशिवाय ही गोळी दुकानातही मिळत नाही. वरून परवानगी यायला आठवडा तरी जाईल."

फोन ठेवताना तिला करपल्याचा वास आला. गॅस तर बंद होता. फिटच्या आधी नेहमी हाच वास यायचा. भिंतीला धरून ती खाली बसली. जीभ जड होऊ लागली. आई पडली की कुशीवर वळवायचं, हे शिकलेली पाच वर्षांची इरा उशी घेऊन धावत आली आणि तिच्या पोटाकडे बघत थबकली.

"आई, आता आधी कुणाला सांभाळू? तुला की बाळाला?"