एका मताचा दगा

इंग्रजी राजवटीत नागपूरच्या कायदे कौन्सिलात उपाध्यक्षपदासाठी गुप्त मतदान झालं आणि उंद्रीचे किसनराव एका मतानं पडले. संध्याकाळपर्यंत जिंकणाऱ्याच्या नावाला गव्हर्नरसाहेबांची मंजुरीही आली. दगा दिला कोणी? किसनरावांचा संशय कौन्सिलातले त्यांचे सोबती, अमडापूरचे बद्रुद्दीनशेठ यांच्यावर. चिठ्ठी टाकून परतताना हा माणूस गालातल्या गालात हसला होता. परतीच्या वाटेवर मलकापूरला आगगाडीतून उतरून दोघं एकाच मोटारीनं निघाले. चिखलीला मोटारीतून उतरताच किसनराव गरजले, "कुराणावर हात ठेवून सांगा, मत कोणाले देलं?"

"चला मशिदीत! तुम्हालेच देलं," बद्रुद्दीनशेठ म्हणाले. "अन् तुम्ही कोणाले देलं?"

"समोरच्याले!" किसनराव उसळले. "चिठ्ठीवर आपलंच नाव आपल्या हातानं लिहाले मी काय हावरट आहो?"