तिसरं घर

"शाळेतून आल्यावर घरी कोण असतं?" जनीने विचारलं.

प्राचीने नवऱ्याकडे पाहिलं. उत्तम खुर्चीच्या अगदी कडेला बसला होता. एवढा धिप्पाड माणूस, पण आपले हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

"मी असतो," तो म्हणाला. "दुपारी एकला वर्कशॉपमधून सुटतो. ही पण तीनच दिवस लॅबमध्ये जाते."

"आणि ताप आला तर रजा कोण घेतं?"

"ज्याला पहिलं कळतं तो."

संस्थेच्या भावनामॅडम फाईल मांडीवर ठेवून बसल्या होत्या. कल्याणहून कोलशेतला येताना बसमध्ये त्या म्हणाल्या होत्या, "आज प्रश्न तूच विचार. घर कसं आहे ते तुला माझ्याआधी कळतं."

ते खरंच होतं. जनीची बरीच वर्षं संस्थेत गेली होती. कितीतरी बाळं तिच्या मांडीवर झोपली, रांगायला लागली आणि एक दिवस नव्या आईबाबांच्या कडेवर बसून फाटकाबाहेर गेली. न्यायला येणाऱ्यांचे चेहरे वाचायला ती तिथेच शिकली.

याआधी दोन घरं बघून झाली होती. डोंबिवलीच्या घरात नवरा-बायको एकमेकांशीही फोनवरच बोलत असावेत असं वाटत होतं. कल्याणच्या घरात सगळं चकचकीत होतं, पण कशालाच हात लावायची सोय नव्हती. दोन्ही घरांना जनीनेच नाही म्हटलं. भावनामॅडमनी एका शब्दाने विचारलं नाही. "तुझं नाही म्हणजे नाही," एवढंच म्हणाल्या.

"अर्धा दिवस काम केलेलं मालकांना चालतं?" जनीने विचारलं.

"अर्धाच पगार देतात, मग न चालायला काय झालं?" उत्तम पहिल्यांदा हसला. मग त्याने हात मांडीवर घेतले आणि सावकाश बोलू लागला. "आमचे दाजी, म्हणजे माझे वडील, खाडीत जाळं टाकायचे. मी उठायचो तेव्हा ते गेलेले असायचे, आणि ते यायचे तेव्हा मी झोपलेलो. सत्तरी आली तरी होडी ढकलत होते. बसायला मिळालंच नाही त्यांना. मी ठरवलेलं, आपण हे उलटं करायचं. मिसरूड फुटलं तसा जहाजावर गेलो, इंजिनात. जे कमावलं ते सगळं म्हातारपणासाठी बाजूला टाकलं."

"मी पण तेच करत होते," प्राची म्हणाली. "लोक हसायचे. पंचविशीत कोण म्हातारपणाची तयारी करतं! पण ते साठवलेलं बँकेत आपलं वाढतंय. आम्ही त्याला हात लावत नाही. आम्हाला फक्त आजचं भागवायचं."

"म्हातारपण आधीच उरकून टाकलं," उत्तम म्हणाला. "आता मुलं वाढवायला मोकळे."

जनी त्याच्याकडे बघतच राहिली. तिच्या ओळखीची सगळी मोठी माणसं पळत असायची. स्वयंपाकाच्या विमलाबाई, डॉक्टर, खुद्द भावनामॅडम. सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, 'नंतर'. तो नंतरचा वेळ कुणी आधीच कमावून घरात आणून ठेवू शकतं, हे तिने कधी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात मागच्या दारातून पाच वर्षांचा चिराग धावत आला. त्यांचा मुलगा. गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला.

"बाबा, निवट्या वर आल्यात! चला ना, चला!"

"चिराग, पाहुणे आलेत," प्राची दबक्या आवाजात म्हणाली. मग नवऱ्याला, "अहो, आज तरी नको."

उत्तम क्षणभर घुटमळला. त्याने भावनामॅडमकडे पाहिलं, मग मुलाकडे. "सॉरी मॅडम," तो उठत म्हणाला. "ओहोटी थांबत नाही. आत्ता नाही गेलो तर परत भोकात जातील."

तो गेला. प्राचीने डोळे मिटून घेतले.

जनी उठली आणि त्यांच्या मागे गेली.

घराच्या मागेच खाडी होती. पाणी लांब सरकलं होतं आणि काळा चिखल उन्हात चमकत होता. बाप-लेक काठावर उकिडवे बसले होते, हलत नव्हते, बोलत नव्हते. उत्तमच्या खिशात फोन वाजला. त्याने न बघता बंद केला. जनीही शेजारी बसली.

मग चिखलातून दोन डोळे वर आले. बोटाएवढा निवटी मासा बाहेर निघाला आणि कल्ल्यांजवळच्या परांवर टेकत टेकत चालू लागला. त्याच्या मागे दुसरा. मग सगळा चिखलच जिवंत झाला.

"मासा चालतो?" जनी पुटपुटली.

"चालतो," उत्तम हळूच म्हणाला. "पण बसून बघणाऱ्यालाच दिसतो."

कितीतरी वेळ ती बघत होती. माशांकडे कमी, त्या माणसाकडे जास्त. एवढा मोठा माणूस, आणि त्याला कुठेच जायचं नव्हतं.

ते परतले तेव्हा प्राची दारातच उभी होती. तिचा चेहरा उतरला होता.

"मॅडम, ते असेच आहेत हो," ती भावनामॅडमना म्हणाली. "आमचं काही चुकलं असेल तर... म्हणजे, आमचं नाव आता यादीत मागे पडणार का?"

"ते माझ्या हातात नाही," भावनामॅडम म्हणाल्या.

त्या जनीसमोर गुडघे टेकून बसल्या आणि तिच्या फ्रॉकवरचा चिखल रुमालाने पुसू लागल्या. "घाई नाही, बाळा. नको असेल तर आपण दोघी संध्याकाळच्या बसने परत जाऊ."

जनीने मान वर करून उत्तमकडे पाहिलं.

"मग शाळेत मी आडनाव कुठलं सांगायचं?"