काउंटरच्या या बाजूला

नवऱ्याच्याच औषधाच्या दुकानात ती गिऱ्हाईक म्हणून रांगेत उभी होती. सरळ आत जाऊन स्टुलावर बसली असती तर कोण अडवणार होतं? पण नाही गेली. पर्समधलं गोळ्यांचं पाकीट मुठीत धरून गुपचूप मागे उभी राहिली.

गोळ्या मूल राहू नये म्हणूनच्या. जुन्या तिला छान मानवल्या होत्या. त्या दुकानात येईनाशा झाल्या, तसं त्याने एका संध्याकाळी दुसरंच पाकीट आणून फ्रिजवर ठेवलं. "तेच आहे, कंपनी तेवढी वेगळी," म्हणाला आणि टीव्ही लावला. तेच कसलं डोंबलाचं? सकाळी दात घासताना पोटात ढवळायचं, दुपारी डोकं ठणकायचं, आणि रडू तर केव्हाही. मटार सोलताना रडली, उशीचा अभ्रा बदलताना रडली. त्याला सांगितलं, तर म्हणाला, "होईल सवय. दिवसभर लोकांची दुखणी ऐकून येतो गं, आता नको." त्यात खोटं काही नव्हतं. घरी येईपर्यंत त्याचा आवाज खरंच बसलेला असायचा.

तिच्या पुढे कॉलेजातली एक पोरगी होती. तिने इकडेतिकडे बघत डॉक्टरांची चिठ्ठी पुढे सरकवली. ती वाचून त्याने आवाज खाली आणला. "घाबरायचं नाही. रात्री जेवल्यावर घे, म्हणजे मळमळ कमी होईल. चिडचिड झाली, रडू आलं, तर मनाला लावून घेऊ नकोस. तो तुझा स्वभाव नाही, गोळीचा परिणाम आहे. फारच त्रास झाला तर डॉक्टरांकडून बदलून घे. आणि काही वाटलं, तर ये इथे, विचार."

तो तुझा स्वभाव नाही. एवढं एक वाक्य ऐकायला मिळालं नाही, म्हणून ती इतके दिवस स्वतःलाच नावं ठेवत होती. तिला त्या पोरीचा चक्क हेवा वाटला.

पोरगी गेली. तो खाली वाकून खणात काहीतरी शोधत होता. "बोला, ताई."

गर्दीच्या वेळी तो मान वर करायचा नाही. नेहमीची गिऱ्हाइकं नुसत्या आवाजावरून ओळखायचा, त्याचा त्याला कोण अभिमान. तिने काचेखालून पाकीट सरकवलं. "ही गोळी मानवत नाही मला," ती म्हणाली आणि थांबली. आता ओळखेल.

"काय होतं?" त्याने पाकीट उचललं आणि उलटं करून मागचं बारीक अक्षर वाचायला घेतलं.

"मळमळतं. डोकं दुखतं."

"दुखायच्या आधी डोळ्यांपुढे काही चमकतं का?"

"नाही."

"रडू येतं?"

कोणीतरी विचारलं होतं एकदाचं. "येतं. उगाचच येतं."

"बीपी तपासा आणि डॉक्टरांना लगेच भेटा. अंगावर काढू नका. घरी सांगितलंत? मिस्टरांना?"

"सांगितलं. म्हणाले, होईल सवय."

"असं म्हणून कसं चालेल?" तो पाकिटावरची तारीख बघत म्हणाला. "त्यांना घेऊन या एकदा. मी समजावतो."

तिने बोटाने काचेवर टकटक केलं, तेव्हा कुठे त्याने मान वर केली. बघतच राहिला. मग रांगेकडे एक नजर टाकून हळूच म्हणाला, "तू? अगं, इथे काय करतेयस? घरी बोलायचंस ना."

"घरी दुकान बंद असतं," ती म्हणाली.

मागच्या आजोबांनी खाकरून आपली चिठ्ठी पुढे केली. ती बाजूला सरकली, त्यांना जागा करून दिली. पाकीट मात्र काचेच्या पलीकडे, त्याच्याच हातात राहिलं.