मागची सीट

दोन दारांची ती जुनी, ऐटबाज अमेरिकन गाडी त्याने गुंतवणूक म्हणून घेतली होती, हौस म्हणून नव्हे. मागे बसायचं तर पुढच्या सीटची पाठ वाकवावी लागे. लेक रोज मागे लागे, "बाबा, एकच चक्कर."

"चालवली की भाव उतरतो, बाळा."

तापाने लेक गेली. तेव्हापासून रोज सकाळी, गाडीला कुलूप असूनही, चालकाशेजारच्या सीटची पाठ वाकलेली दिसे. तो ती गुपचूप सरळ करी.

आज तो बायकोला म्हणाला, "गाडी विकून टाकू या."

"मग ती कुठे बसेल?"

त्याने जाऊन गाडी सुरू केली. शेजारच्या सीटची पाठ आपोआप सरळ झाली. आणि मागून त्याच्या पाठीत दोन लहानसे गुडघे रुतले.