स्कूटरचे आरसे

परदेशातल्या सायकल शर्यतीत, शेवटच्या वेगवान टप्प्यात प्रीतम पडला आणि खांद्याचं हाड मोडून नागपूरला घरी आला. व्यावसायिक संघातलं त्याचं ते पहिलंच वर्ष. हाड जुळल्यावर त्याचे वडील गोपाळराव रोज सकाळी खापरखेड्याच्या रस्त्यावर स्कूटर पळवू लागले, आणि पोरगा वारा अडावा म्हणून त्यांच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर सायकल ठेवून वेगाचा सराव करू लागला.

"बाबा, तुम्ही आरशात माह्याकडे पाहता, भेवता, अन् गाडी हळू करता," काल तो म्हणाला. "आरसे काढून टाका. अन् ब्रेक तं मारूच नका, मी तुमच्यावरच येऊन आदळीन."

आज आरसे नव्हते. गोपाळराव नुसत्या कानांनी पोराला जपत होते. वीज केंद्रातल्या राखेचा एक ट्रक खडखडत बाजूनं गेला, आणि त्यानंतर मागच्या सायकलच्या टायरांची घरघर ऐकूच येईना. ब्रेक मारायची सोय नव्हती. वेग सोडून दिलेली गाडी आपोआप थांबेपर्यंत त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

वळून पाहिलं, तर प्रीतम दूर रस्त्याच्या कडेला एक पाय टेकून उभा होता. धडधाकट. गोपाळराव गाडी तिथंच सोडून धावत त्याच्यापाशी पोचले.

"काय झालं गा?"

"काही नाही, ट्रक आला अन् पाय थांबले माहे." त्यानं दूरच्या स्कूटरकडे पाहिलं. "आरसे परत लावा, बाबा. तुमचं तोंड दिसत होतं, तं मले भेव नव्हतं लागत."